सशाची खांदेमळणी

ससा मला चावला, त्याचं मला वाईट वाटलं नव्हतं. ज्याचा जन्म बैलबाजारात गेला त्याला सशाच्या दातांचं काय? वाईट याचं वाटत होतं की तो नानांना चावत नव्हता.

नाना म्हणजे आमचे व्याही, सुनेचे वडील. राहणार धुळ्याचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. इस्त्रीचा सदरा, बोलणं हळू, आणि चहाच्या प्रत्येक घोटानंतर 'वा अक्का' म्हणायची सवय. अक्का म्हणजे आमची मंडळी. चाळीस वर्षांच्या वर मी तिच्या हातचा चहा पितोय. एकदाही 'वा' म्हटलं नसेल. चहा चांगला असला की माणूस पिऊन टाकतो, बोलायचं काय त्यात?

आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी पाचोऱ्यात राहतो. मुलगा-सून नाशिकला. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सणाला, सून आली ती ससा घेऊनच. मूठभर पांढरा गोळा, एक कान तपकिरी. फ्लॅटमध्ये ठेवू देत नाहीत म्हणाली. तिला तो धुळ्याला बापाकडेच सोडायचा होता, पण तिथे घराचं बांधकाम चाललेलं, विटा-वाळूचे ढीग. म्हणून म्हणाली, "आबा, घर बांधून होईपर्यंत तुम्ही ठेवा. नर आहे, दुकानदाराने सांगितलंय. त्रास नाही देणार."

मी चौथीत शाळा सोडली आणि वडिलांच्या मागे बाजार करू लागलो. शिंदखेड्यापासून इकडे पाचोऱ्यापर्यंत बैलांची दलाली केली. उपरण्याखाली हात घालायचा, बोटं दाबून भाव ठरवायचा, वर तोंडाने मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा. बैलाचा ओठ उचलला की वय सांगायचो. चालताना मागचा पाय कसा पडतो यावरून खोड सांगायचो. माझा शब्द झाला की घेणारा दुसऱ्याला विचारत नव्हता. मग ट्रॅक्टर आले. आमची शेवटची जोडी विकली त्याला बरीच वर्षं झाली. गोठ्यात आता सायकल आणि पाण्याची टाकी. तेव्हा तो ससा आला आणि मी म्हटलं, चला, दारात पुन्हा एक जनावर झालं. लहान का असेना.

वेल्डिंगवाल्याकडून जाळीचा पिंजरा करून घेतला, ओसरीत ठेवला. रोज सकाळी मी हात घालून त्याला बाहेर काढायचो, मांडीवर घ्यायचो, ओठ उचलून दात पाहायचो. दात पाहण्यासारखं काही नव्हतं, हाताची सवय. त्याने कधी अंग चोरलं नाही. गल्लीतले लोक म्हणायचे, आबा, तुमच्या हातात काहीतरी आहे बुवा. मी म्हणायचो, आहे तर.

श्रावणात नानांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जळगावला झालं. विहीणबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. धुळ्याच्या घरात सिमेंटची धूळ. मग राहणार कुठे? मीच म्हणालो, आमच्याकडे या. व्याह्याला घरी आणणं हा मान असतो. पण तो मान चार दिवसांचा असावा हे मला नंतर कळलं.

नाना ओसरीत खाटेवर बसायचे. काळा चष्मा, वाकायचं नाही, उचलायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं. दिवसभर पुतळ्यासारखे बसून. त्यांच्यासाठी आमच्या घरात वरण-बट्टी होऊ लागली, वांग्याचं भरीत होऊ लागलं. "नानांना उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी आवडते," असं मला एके दिवशी कळलं. मला काय आवडतं हे आमच्या मंडळीला विचारा बरं. म्हणेल, वाढलं ते खातात.

तेही चालून गेलं असतं. पण त्याच आठवड्यात सशाचं फिरलं.

सकाळी मी नेहमीसारखा हात घातला. त्याने कान मागे टाकले, नाकातून घुर्र केलं आणि पुढच्या दोन्ही पंजांनी माझ्या हातावर थाडथाड मारलं. मी हात मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदा जनावरासमोर हात मागे घेतला आणि तोही नानांच्या देखत.

"रागावलाय वाटतं," नाना म्हणाले.

"झोपेत असेल," मी म्हणालो.

दुपारी मंडळीने पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं. ससा आपसूक बाहेर आला, ओसरीभर हुंगत फिरला आणि नानांच्या खाटेजवळ जाऊन थांबला. त्यांच्या पायाला हनुवटी घासली, भोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि पावलाला पाठ लावून पसरला. नानांनी खालीसुद्धा पाहिलं नाही. वाकायची बंदीच होती. फक्त म्हणाले, "वा."

मला जे झालं ते इथे लिहीत नाही. आपल्या गोठ्यातली गाय शेजाऱ्याच्या दारात जाऊन हंबरते तेव्हा जे होतं, ते.

पुढे रोज हेच. माझा हात आत गेला की घुर्र. पाय आपटायचा, पंजे मारायचा. आणि नानांच्या पायाशी जाऊन लोळण. मला वाटलं, हे चोरून काहीतरी चारतात. एका दुपारी मी बाजारात जातो म्हणून निघालो आणि मागच्या दाराने येऊन दाराच्या फटीतून पाहत उभा राहिलो. नाना काही चारत नव्हते. बोलत होते. विहीणबाई गेल्या तेव्हापासून घरात दिवा कोण लावतं, नव्या घरात देवघर कुठल्या भिंतीला ठेवलंय, असलं सगळं सशाला सांगत होते. ससा कान पाडून पडलेला. माझ्याशी हे गृहस्थ कधी बोलले असतील तर 'यंदा कापसाला काय भाव' एवढंच. मग मला कळेना की राग कोणाचा करावा, नानांचा की सशाचा.

मी हट्टाला पेटलो. कोथिंबीर आणली, हरभऱ्याचा पाला कुठून कुठून शोधून आणला, केळीची साल आणली. हातात धरून आत घालायचो. तो चारा ओढून घ्यायचा आणि हाताला फटका द्यायचा.

मंडळी म्हणाली, "हात कसाले घालतस त्याना घरमा? बाहेर येऊ द्या ना त्याले."

"मी जनावरमा जलम काढा शे. तू नको शिकवू."

"बैलमा काढा. तो ससा शे."

नाना चष्म्याआड हसले असावेत. दिसलं नाही, पण मला कळलं.

अशात पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून दुखावलेल्या बैलाच्या खांद्याला कोमट पाण्याने शेकतात, तूप-हळद लावून मळतात आणि त्याच्या कानात सांगतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' माझ्या वडिलांनी ती कधी चुकवली नाही, मीही नाही. जोडी विकल्यावर मी दरवर्षी शेजारच्याच्या बैलाला हात लावून यायचो. यंदा त्यानेही बैल काढून टाकलेले. मी म्हटलं, दारात जनावर असताना दुसऱ्याच्या दारी कशाला जायचं? सणाला जनावराची सेवा केली की ते धन्याला विसरत नाही, असं वडील म्हणायचे. आणि हा तर मला विसरायलाच लागला होता.

वाटीत तूप-हळद कालवली. मंडळी पाहत होती.

"हे काय करी राहिनात?"

"खांदेमळणी."

"सशानी? बठ्ठा गाव हासी तुम्हले!"

"हासू दे."

पिंजऱ्यात दोन्ही हात घातले आणि घुर्रघुर्र चालू असताना त्याला दाबून बाहेर काढला. मांडीवर धरून मळायला घेतलं. खांदे ते केवढे, बोटाच्या पेराएवढे. म्हणून पाठही मळली, पार शेपटीपर्यंत. बैलाला मळतो तसंच, संथ, दाबून. आणि काय सांगू, मळता मळता तो गप्प झाला. पाठ ताणून, पोट मांडीला टेकवून पडून राहिला. मी नानांकडे पाहिलं. म्हटलं, पाहा आता. कानाशी वाकून आवतण दिलं, "आज आवतण घ्या, उद्या..."

'जेवायला या' म्हणेपर्यंत त्याने माझं बोट धरलं. दात हाडाला लागले.

"रगत निंघनं ना!" मंडळी धावली. जी हळद सशाला लावली तीच तिने माझ्या बोटावर दाबली. नाना म्हणाले, "आबा, मुका जीव आहे तो. त्याला धर्म काय कळणार?" व्याह्याला उलटं बोलता येत नाही. आपल्या घरात बसलेला असेल तर नाहीच नाही. मी "हो ना" म्हणालो. दात आवळून म्हणालो.

पिवळ्या पाठीचा ससा दोन दिवस ओसरीत फिरत होता. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय? मंडळी सांगायची, यांना विचारा.

पोळ्यानंतर पंधरवडा उलटला. मधल्या काळात तो नानांकडेही जरा कमी जाऊ लागला होता. पिंजऱ्यातच बसून राहायचा. मी ते पाहिलं आणि मनातल्या मनात खूश झालो. कारण विचारावं असं सुचलं नाही. मी सशाकडे पाहतच नव्हतो तेव्हा. माझं सगळं लक्ष नानांवर.

मग जळगावच्या डॉक्टरांनी नानांचा चष्मा उतरवला. धुळ्याचं बांधकामही आटपलेलं. जायचा दिवस ठरला, गाडी सांगितली. आदल्या दिवशी जेवताना नाना म्हणाले, "मी म्हणतो आबा, ससा घेऊन जावा. लेकीने तसा माझ्याकडेच ठेवायचा म्हटलं होतं. तुम्हालाही त्याचा त्रास."

मी काही बोलायच्या आत मंडळी म्हणाली, "लई जावा नाना. तठे सुखमा राही. आठे यास्ना आणि त्याना रोज सामना."

यांना आता यांच्या लेकीची सासू, म्हणजे माझी बायकोच, सामील. माझ्या दारातलं शेवटचं जनावर माझा व्याही घेऊन जाणार आणि गल्लीत काय बोलणार लोक? आबाला ससा सांभाळता आला नाही. बैलांचा दलाल म्हणे. रात्रभर मनाशी भांडलो. पण 'नाही' म्हणायला कारण काय होतं? ससा त्यांच्या लेकीचा. चावत होता मला. जात होता त्यांच्याकडे. बाजारात असा सौदा माझ्यासमोर आला असता तर मीच म्हटलं असतं, जनावर त्याचं, सोड दोर.

सकाळी गाडी दारात लागली. पुठ्ठ्याचं खोकं, त्याला भोकं पाडलेली. मी म्हणालो, "मी काही हात घालणार नाही. तुमचा आहे, तुम्ही काढा."

"मी काढतो ना," नाना म्हणाले. "माझ्याकडे येतो तो." आता वाकायला मोकळीक होती. सदऱ्याची बाही वर केली, जाळीचं दार उघडलं आणि पहिल्यांदाच हात आत घातला.

ससा कोपऱ्यातून असा आला, जसा भाला यावा.

"अगं आई गं!"

नानांनी हात झटकला. दोन बोटांना दात लागलेले, इस्त्रीच्या बाहीवर रक्त. ससा दाराशी उभा, कान मागे, घुर्रतोय.

खोटं कशाला लिहू? मला गोड वाटलं. एवढं गोड की मी लगेच हळद आणायला आत गेलो, कारण तोंड लपवायचं होतं. आत डब्याशी उभा राहून हसलो. नानांनाही चावला. म्हणजे माझ्या हातात काही खोट नव्हती. पहिल्या सकाळपासून जो दगड छातीवर होता, तो उतरला.

आणि तो उतरला तसं माझं डोकं चालू लागलं. माणूस पाहून चावत नाही. मग काय पाहून चावतो? बाहेर असला की नानांच्या पायाशी लोळतो, आत हात गेला की त्यांनाही सोडत नाही. हात कोणाचाही असो, आत येता कामा नये. अरे, असं मी कुठे पाहिलंय? आमची कपिला गाय. एरवी पोरांनी शिंगाला लोंबकळावं इतकी गरीब. आणि व्याली की मलासुद्धा गोठ्यात पाऊल ठेवू द्यायची नाही.

हळदीचा डबा तसाच धरून मी पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसलो आणि हात बाहेर ठेवून पहिल्यांदा नीट आत पाहिलं. मागच्या कोपऱ्यात गवताच्या काड्या रचलेल्या. काड्यांवर पांढऱ्या केसांचा मऊ ढीग. सशाच्या छातीवरचे केस गेलेले, कातडी दिसत होती. माझ्यासमोरच त्याने तोंडात आडव्या काड्या धरल्या, मिशा असाव्यात तशा, आणि कोपऱ्यात नेऊन ठेवल्या.

"नाना," मी म्हणालो, "ह्याला आज नेता येणार नाही. हा नर नाही. मादी आहे. व्यायला बसलीये."

नाना बोट दाबून उभे. "अहो, एकटीच तर आहे. कोणापासून?"

मंडळी म्हणाली, "मी तर फक्त मांजरीना बोका देखा आठे."

"तू गप बस."

गाडीवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर माझ्या ओळखीचे. संध्याकाळी मोटारसायकलवर आले. एका टॉवेलात गुंडाळून तिला उलटी केली, पाहिली. "मादी आहे आबा. पण पोटात काही नाही. खोटं गाभण."

"म्हणजे?"

"तिला वाटतंय की पोटात पिल्लं आहेत. घरटं करणार, केस उपटणार, जवळ येईल त्याला चावणार. काही दिवसांनी आपोआप उतरेल." मग वहीबिही न काढता सहज विचारलं, "मध्यंतरी कोणी तिची पाठ फार चोळली होती का?"

मंडळीने आणि नानांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

"नाही, कधी कधी मादीची पाठ मागपर्यंत दाबून चोळली की तिला वाटतं नर भेटला. मग हे असं होतं."

मंडळीने पदर तोंडात कोंबला आणि आत पळाली. नाना भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने. त्यांचे खांदे हलत होते.

"पोळा होता," मी म्हणालो. एवढंच म्हणालो. ज्याने सण पाळला त्याने खाली मान का घालावी?

डॉक्टर निघाले तसा मी फाटकापर्यंत गेलो. "एक सांगा. पण ही तर श्रावणापासूनच फिरली होती. पोळ्याच्या आधी."

"वयात आली ना तेव्हा. वयात आली की पिंजरा तिचं घर. त्यात वरून हात आला की तिला वाटतं घार आली. बाहेर येऊ द्यायचं, खाली बसायचं, तिलाच जवळ येऊ द्यायचं."

"आणि नानांकडे का जायची?"

"ते काही करत नव्हते म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच."

म्हणजे नानांची काही कला नव्हती. डोळ्यात औषध घालून बसलेला माणूस, तिच्या लेखी ओसरीचा खांब. मी फाटक लावलं आणि फार दिवसांनी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी नाना एकटेच गेले. गाडीत बसताना म्हणाले, "तिचं हे उतरलं की नेतो मग."

"व्यायला बसलेलं जनावर गोठ्यातून हलवत नसतात," मी म्हणालो.

"पण ती व्यायला बसलेलीच नाहीये ना, आबा."

"तिला वाटतंय ना? मग झालं."

तिने ते केसांचं घरटं काही दिवस राखलं. मग एका सकाळी स्वतःच विस्कटलं आणि त्यावर बसून मेथी खाल्ली. मी आता दार उघडतो आणि जमिनीवर बसतो. गुडघे ओरडतात, ओरडू देतो. हात स्वतःच्या मांडीवर. पहिले काही दिवस तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मंडळीच्या पायाभोवती फिरून यायची, आणि मला त्याचाही राग यायचा. मग एक दिवस आली. माझ्या अंगठ्याला हनुवटी घासली, पुढे गेली, परत आली, परत घासली. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो.

त्या संध्याकाळी धुळ्याहून नानांचा फोन आला. आधी कोणाची तब्येत नाही, पाणी नाही, पाऊस नाही. "आबा, ती कशी आहे? चावते का अजून? रविवारी गाडी मोकळी आहे, म्हटलं येऊन घेऊन जावं."

ती माझ्या पायाला पाठ लावून पसरली होती. तपकिरी कान माझ्या घोट्यावर.

"चावते हो," मी म्हणालो. "काय सांगू नाना, फार चावते. जवळ जायची सोय नाही."

मंडळी पोळपाटावरून उठून दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायाशी पाहिलं. मी मान खाली घातली नाही. तिने पिठाचा हात पुढे केला, फोन घेतला आणि कानाला लावला.

"नाना," ती म्हणाली, "काल मलेबी चावनी."